कोण आहे बे हा बॉलर?

आयपीएलच्या दहाही टीमचे प्लेअर आपल्याला पाठ. तीनदा रणजी जिंकलेल्या आपल्या विदर्भाच्या टीममधली पाच नावं तरी पटकन सांगता येतील का? जामठ्याच्या रिकाम्या स्टँडमध्ये बसून पडलेले काही प्रश्न.

२०२५चा फेब्रुवारी. पुण्याहून सुटी काढून नागपूरला घरी आलो होतो. चुलतभावाचं लग्न होतं, ते आटोपलं. परतीच्या गाडीला दोन दिवस होते आणि नेमकी त्याच आठवड्यात जामठ्याला रणजीची सेमीफायनल. विदर्भ विरुद्ध मुंबई.

शाळेच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘उद्या जामठ्याला येता का बे? मॅच आहे.’

‘कोणाची? इंडियाची तर झाली ना!’ (खरंच झाली होती. बाराच दिवसांपूर्वी तिथंच इंग्लंडशी वनडे झाली होती, आणि याच ग्रुपवर तिकिटासाठी मारामारी चालली होती.)

‘इंडियाची नाही बे. विदर्भाची. रणजी.’

दोन अंगठे आले. एक हसणारा चेहरा आला. आणि एक मेसेज, ‘ते पाह्यला कोण जाते बे!’

मंगळवारी एकटाच गाडी काढून निघालो. वर्धा रोडनं विमानतळ मागे टाकलं, खापरी गेलं, जामठ्याला पोचलो. पंचेचाळीस हजार माणसं मावतील एवढं मोठं ते स्टेडियम, आणि आत मोजकी माणसं. सावलीच्या खुर्च्या शोधून बसलेली. बॅटला बॉल लागल्याचा आवाज ‘टक्’ असा थेट वरपर्यंत येत होता. टीव्हीवर तो आवाज कधी असा ऐकू येत नाही.

माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजातली दोन पोरं होती. ते सूर्याला पाहायला आले होते. सूर्यकुमार यादव, भारताच्या टी-ट्वेंटी टीमचा कॅप्टन, आणि तिकीट शून्य रुपये. यायलाच पाहिजे! विदर्भानं ३८३ केले होते आणि मुंबईची बॅटिंग चालू होती. पार्थ रेखडे नावाचा आपला डावखुरा स्पिनर बॉलिंगला होता. त्यानं एका ओव्हरमध्ये आधी अजिंक्य रहाणेला काढलं. सूर्या आला. दोन बॉलमध्ये शून्यावर गेला. मग शिवम दुबे आला. तोही शून्यावर गेला. त्याच ओव्हरमध्ये! भारताकडून खेळलेले तीन बॅट्समन सहा बॉलच्या आत तंबूत.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. पुढच्या पोरांपैकी एकानं डोक्याला हात लावला, ‘गेला यार! सूर्याच गेला!’

दुसऱ्यानं स्कोअरबोर्डकडे पाहत विचारलं, ‘कोण आहे बे हा बॉलर?’

पहिला म्हणाला, ‘माहीत नाही. असेल कोणी.’

‘असेल कोणी.’ हे दोन शब्द काही माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपल्या गावच्या मैदानावर, आपल्या टीमच्या पोरानं मुंबईची मधली फळी एका ओव्हरमध्ये कापून काढली, आणि आपल्याच लोकांना वाईट कशाचं वाटलं, तर सूर्या गेल्याचं. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. रणजीचा सगळा सीझन मीही स्कोअर पाहण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पण प्रश्न तर आहेच. आपली टीम आपल्याला ‘आपली’ का वाटत नाही?

साठ वर्षं काहीच नाही, मग सगळंच

आपल्या वयाच्या पोरांना विदर्भ जिंकतो याचं आता फार काही वाटत नाही, कारण आपण त्याला हरताना नीट पाहिलंच नाही. बाबांच्या पिढीला विचारा. विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतो. त्यानंतर साठ वर्षं एकही फायनल नाही. समोरच्या टीमसाठी विदर्भाशी मॅच म्हणजे पॉइंट गोळा करायची सोय. नागपूरचा एखादा पोरगा चांगला खेळायला लागला, की लोक सल्ला द्यायचे, ‘इथं राहून काय होणार? मुंबईला जा.’

आणि मग २०१७-१८चा सीझन आला. कोच चंद्रकांत पंडित, कॅप्टन फैज फजल, सोबत मुंबईहून आलेला अनुभवी वसीम जाफर. सेमीफायनलला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर समोर कर्नाटक. कर्नाटकला जिंकायला १९८ पाहिजे होते आणि त्यांचा डाव १९२वर संपला. पाच रनांनी जिंकलो! रजनीश गुरबानीनं त्या डावात सात विकेट घेतल्या. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला पोरगा हा. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल. त्यात गुरबानीची हॅट्‌ट्रिक. रणजीच्या फायनलमध्ये त्याआधी फक्त एकदाच हॅट्‌ट्रिक झाली होती, तीही १९७२-७३मध्ये. अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, आणि १ जानेवारी २०१८ला, म्हणजे ऐन नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, विदर्भ नऊ विकेटनी जिंकून रणजी चॅम्पियन झाला.

‘फ्लूक आहे,’ असं म्हणणारे होते. पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकलो. या वेळी फायनल आपल्या जामठ्यात होती, समोर सौराष्ट्र. त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. तो नुकताच ऑस्ट्रेलियात तीन शतकं ठोकून आला होता. ऑस्ट्रेलियाच्या बॉलरांना जो बाहेर काढता येत नव्हता, त्याला आदित्य सरवटेनं दोन्ही डावांत काढलं. एकदा एकवर, एकदा शून्यावर. मॅचमध्ये अकरा विकेट घेतल्या सरवटेनं.

२०२३-२४ला वानखेडेवर मुंबईकडून फायनल हरलो. पण ५३८ करायचे असताना ३६८पर्यंत गेलो, वाडकर शतक करून लढला. आणि २०२४-२५ला पुन्हा जिंकलो, पुन्हा जामठ्यात. केरळविरुद्ध मॅच ड्रॉ झाली, पण पहिल्या डावात आपले ३७९ आणि त्यांचे ३४२. त्या ३७ रनांच्या आघाडीवर ट्रॉफी आली. एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारनं पहिल्या डावात १५३ केले, पुढच्या डावात ७३. हा त्याचा पहिलाच रणजी सीझन होता! हर्ष दुबेनं सीझनमध्ये ६९ विकेट घेतल्या. रणजीच्या एका सीझनमध्ये एवढ्या विकेट त्याआधी कोणीच घेतल्या नव्हत्या. मग गेल्या ऑक्टोबरात इराणी कपही आला, रेस्ट ऑफ इंडियाला ९३ रनांनी हरवून. तोही जामठ्यातच.

म्हणजे आठ सीझनमध्ये तीन रणजी, आणि तीन इराणी. एखाद्या आयपीएल टीमनं एवढं केलं असतं, तर आपण गाडीवर स्टिकर लावून फिरलो असतो.

मैदान शहरात होतं तेव्हा

बाबा जामठ्याला कधी आले नाहीत. त्यांच्यासाठी मैदान म्हणजे सिव्हिल लाइन्सचं. ३१ ऑक्टोबर १९८७ला ते सायकलनं तिथं गेले होते, खिशात एका पोळीभाजीचा डबा घेऊन. वर्ल्ड कप, भारत विरुद्ध न्यूझीलंड. त्या एका दिवसात त्यांनी चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक पाहिली. वर्ल्ड कपमधली पहिली हॅट्‌ट्रिक ती. तिन्ही बॅट्समन बोल्ड. आणि दुपारनंतर सुनील गावसकरांचं वनडेतलं पहिलं आणि एकमेव शतक पाहिलं. ही गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकलीय. दर वेळी सायकल त्याच झाडाला लावलेली असते.

त्या मैदानाचं गुणगान गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९९५मध्ये तिथं न्यूझीलंडविरुद्धच्या वनडेत स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले. मोठ्या गर्दीसाठी मोठी, सुरक्षित जागा पाहिजे होती, हे खरंच आहे. म्हणून २००८ला जामठ्याचं स्टेडियम आलं, आणि काय दणक्यात आलं! पहिलीच टेस्ट ऑस्ट्रेलियाशी, गांगुलीची शेवटची टेस्ट, लक्ष्मणची शंभरावी. मग २०११च्या वर्ल्ड कपमध्ये सचिनचं नव्व्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक (आणि आपण हरलो, तेही आहेच). २०१७ला अश्विनच्या तीनशे विकेट तिथंच पूर्ण झाल्या.

पण जामठा शहरापासून पंधराएक किलोमीटर. इंडियाची मॅच असली की मेट्रो उशिरापर्यंत धावते, बस सुटतात, ट्रॅफिकचे वेगळे मार्ग आखले जातात. रणजीच्या मॅचला मात्र तुमचं तुम्ही पाहा. मेट्रोनं खापरीपर्यंत जा, पुढे ऑटोवाल्याशी भाव करा. नाहीतर बुटीबोरीकडे जाणारी बस पकडा आणि हायवेवर उतरून चालत जा. अकरावीतल्या पोराला किंवा पोरीला क्लास बुडवून मॅच पाहायची असेल, तर जाण्या-येण्यातच दिवस जातो.

सायकलनं जाऊन मॅच पाहता येणं ही साधी गोष्ट नव्हती. मॅच पाहायला जाणं हा तेव्हा ‘प्लॅन’ नव्हता. कॉलेज सुटलं, दोन तास बसून आलो, एवढंच. टीमशी ओळख अशीच होते. पाच दिवस पूर्ण कोणीच पाहत नाही, कधीच पाहत नव्हतं. सिव्हिल लाइन्सचं मैदान अजून आहे, तिथं क्रिकेट चालतं, रणजीच्याही मॅच होतात. ते शहराच्या मधोमध आहे. ज्या टीमला प्रेक्षकांची सवय लावायची, तिच्या जास्तीत जास्त मॅच जिथं प्रेक्षक राहतात तिथं व्हायला नकोत का?

घरचे, पाहुणे आणि गेलेले

इथं माझा एक मित्र नेहमी अडवतो. तो म्हणतो, ‘आपली टीम आपली टीम काय करून राहिला? जाफर मुंबईचा. करुण नायर कर्नाटकचा. बाहेरून माणसं आणायची आणि जिंकायचं, त्यात विदर्भाचं काय?’

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२५च्या फायनलमध्ये करुण नायरनं ८६ आणि १३५ केले. त्याच्याशिवाय ती ट्रॉफी आली असती का, कोण सांगणार? पण त्याच मॅचमध्ये मालेवार होता, दुबे होता, रेखडे होता, कॅप्टन वाडकर होता. जाफर आला तेव्हा त्याच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसून शिकणारी पोरं इथलीच होती. शाळेत बाहेरून चांगला गणिताचा सर आला, तर आपण ‘रिझल्ट आपला नाही’ म्हणतो का?

आणि ‘इथली’ म्हणजे फक्त नागपूरची नाही. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला, वडील खाणीत कामाला. २०११ला तो टेस्ट खेळला, तेव्हा विदर्भाकडून खेळून टेस्टपर्यंत पोचलेला तो पहिला. अथर्व तायडे अकोल्याचा, आदित्य ठाकरेही अकोल्याचा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा. जितेश शर्मा अमरावतीचा. आपल्या अकरा जिल्ह्यांचा नकाशाच आहे ही टीम.

आता दुसरी बाजू. ती जास्त टोचते. २०१९ला ज्यानं आपल्याला फायनल जिंकून दिली, तो आदित्य सरवटे २०२५च्या फायनलमध्ये जामठ्यात खेळला, पण केरळकडून. पहिल्या डावात त्यानं ७९ केले आणि आपल्याला चांगलंच लटकवून ठेवलं. जितेश शर्मा आता बडोद्याकडून खेळतो. करुण नायर परत कर्नाटकात गेला. कोण का गेलं हे ज्याचं त्याला माहीत, आणि प्रोफेशनल प्लेअरनं संधी पाहून टीम बदलणं यात गैर काही नाही.

गैर म्हणायला माझं तोंडही नाही. मी स्वतः पुण्यात आहे. माझ्या बॅचचे अर्धे पुण्यात, काही हैदराबाद-बंगळुरूला. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये ‘तुमच्याकडं काय ओ, फक्त ऊन आणि संत्री?’ हा जोक मी हसून ऐकलाय. आपण सगळे हे गृहीत धरून मोठे झालो की काही करायचं असेल तर बाहेर जावं लागतं. कंपनी बाहेर, कोचिंग बाहेर, संधी बाहेर. इथं राहिला तो मागे राहिला.

आणि म्हणूनच मला ही टीम महत्त्वाची वाटते. ‘मुंबईला जा’ हा सल्ला ज्या खेळात सगळ्यात जास्त दिला गेला, त्याच खेळात इथं राहिलेल्या पोरांनी मुंबईला सेमीफायनलमध्ये ८० रनांनी हरवलं. रहाणे, सूर्या, दुबे, शार्दूल ठाकूर असलेल्या मुंबईला! हे आपोआप झालं नाही. अकॅडमी, कोच, जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं शोधणं, नागपूरची गुझदर लीगसारखी क्लब क्रिकेटची जुनी स्पर्धा, हे वर्षानुवर्षं चालत राहिलं तेव्हा झालं. इथंही एखादी गोष्ट देशात एक नंबरची होऊ शकते, याचा आपल्याकडे असलेला सगळ्यात ताजा पुरावा म्हणजे ही टीम. आणि तो पुरावा आपण पाहायलाही जात नाही.

आणि पोरींची टीम?

रणजीला मोजकी माणसं असतात असं मी वर लिहिलं. विदर्भाच्या पोरींच्या टीमची मॅच कधी असते, कुठे असते, हे तुम्हाला माहीत आहे? मला नव्हतं. हे लिहायला बसलो तेव्हा लाज वाटली.

नागपूरची मोना मेश्राम २०१७च्या वर्ल्ड कपला भारताच्या टीममध्ये होती. लॉर्ड्सवर फायनलला पोचलेली, अख्ख्या देशाला पोरींचं क्रिकेट पाहायला लावणारी तीच ती टीम. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ला भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, डब्ल्यूपीएलमध्ये गुजरातकडून मोठे सिक्स मारते. अमरावतीचीच दिशा कासट पहिल्या डब्ल्यूपीएलला आरसीबीकडे होती.

माझी मामेबहीण अमरावतीला कॉलेजच्या टीमकडून खेळते. स्मृतीचे, हरमनचे सगळे आकडे तिला तोंडपाठ. तिच्याच शहरातली एक पोरगी भारताकडून खेळून आली, हे तिला परवापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. कोचच्या बोलण्यात सहज नाव आलं तेव्हा कळलं. मला फोन करून म्हणाली, ‘दादा, म्हणजे आपल्या इथून पण जाता येते?’

‘इथून पण जाता येते?’ एवढंच कळायला तिला अठरा वर्षं लागली. आता २०२५ला भारताच्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकलाय. गल्लीगल्लीतल्या पोरी बॅट मागताहेत. त्यांना टीव्हीतली स्मृती पाहिजेच, पण बसनं जाऊन पाहता येईल अशी कोणीतरी जास्त पाहिजे. बॉल अडवताना गुडघा फुटलेली, ओव्हर संपल्यावर बाउंड्रीजवळ येऊन पाणी पिणारी, हाक मारली तर वळून पाहणारी.

दोस्तांना ऐकवायला चार किस्से

टीम आवडायला किस्से लागतात. चेन्नईचे, मुंबईचे किस्से आपल्याकडे ढिगानं आहेत. हे घ्या घरचे.

एक, आपला अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी बॉलिंग करतो. नोव्हेंबर २०२१ला टी-ट्वेंटीत मणिपूरविरुद्ध त्यानं चार ओव्हर टाकल्या, चारही मेडन, दोन विकेट, रन शून्य. टी-ट्वेंटीत!

दोन, त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकविरुद्ध दर्शन नळकांडेनं लागोपाठ चार बॉलवर चार विकेट घेतल्या.

तीन, जानेवारी २०२३. गुजरातला नागपुरात जिंकायला फक्त ७३ पाहिजे होते. गुजरात ५४वर ऑल आउट. रणजीच्या इतिहासात एवढं छोटं टार्गेट त्याआधी कोणीच वाचवलं नव्हतं. सरवटेनं १७ रन देऊन सहा विकेट घेतल्या होत्या.

चार, महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीच्या टीम तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातही दुलीप ट्रॉफीला आपण वेस्ट झोनमध्ये नसतो, सेंट्रल झोनमध्ये असतो. पुण्यातल्या मित्राला हे सांगून पाहा. तो गुगल करेल.

मग काय करायचं?

‘आपल्या टीमला सपोर्ट करा’ असं नुसतं म्हणून काही होत नाही, हे मला कळतं. कोणी उपकार म्हणून मॅच पाहायला जात नाही, जाऊही नये. म्हणून सरळ मागण्या लिहितो. आधी क्रिकेट चालवणाऱ्यांकडे.

लीगच्या जमतील तेवढ्या मॅच शहरातल्या मैदानावर घ्या. नॉकआउट जामठ्याला असेल, तर खापरी मेट्रो ते स्टेडियम सकाळ-दुपार-संध्याकाळ दोन-तीन बस सोडा. इंडियाच्या मॅचला एवढं सगळं होतं, त्याच्या शंभराव्या हिश्शानं भागेल. एका स्टँडचं गेट कुठलं, किती वाजता उघडतं, पाण्याची सोय कुठे, हे आधी जाहीर करा. पोरांची असो की पोरींची, मॅच कधी आहे हे मराठीत, फोनवर, चार दिवस आधी कळू द्या. शाळा-कॉलेजांच्या टीमना बोलावून बाउंड्रीजवळ बसवा आणि दिवस संपल्यावर एका प्लेअरला दहा मिनिटं त्यांच्याशी बोलू द्या. यात करोडोंचा खर्च नाही. पुढचा रेखडे त्या पोरांमध्ये बसलेला असू शकतो.

आणि आपल्याकडे एकच मागणी. सीझनमध्ये एकदा जा. पूर्ण दिवस नाही, दोन तास. सहसा तिकीट लागत नाही. सकाळी तर्री पोहे हाणा, गाडीत दोघं बसा आणि जा. बोअर झालं तर उठून या, कोणी अडवत नाही. पण जाण्याआधी टीममधली अकरा नावं वाचून जा. ओळखीचा माणूस खेळत असला की चार मेडन ओव्हरही लांबत नाहीत, हा माझा अनुभव.

मित्र म्हणतो, ‘आपण गेलो नाही तरी ते जिंकूनच राहिले ना?’ बरोबर आहे. त्यांनी तीन ट्रॉफ्या रिकाम्या खुर्च्यांसमोर कमावल्या. त्यांचं आपल्यावाचून अडलं नाही. अडलंय ते आपलं. ‘इथं काही होत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय आणि म्हटलंय, की इथं काही झालं तरी आपल्याला ते दिसत नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी दिवसाचा खेळ संपला तेव्हा मुंबई सात बाद १८८ होती. पुढच्या रांगेतली ती दोन पोरं तोपर्यंत बसून होती, हे मात्र सांगायलाच पाहिजे. सूर्या गेल्यावर उठून जातील असं मला वाटलं होतं. गेली नाहीत. टीम मैदानाबाहेर चालली, तेव्हा ती रेलिंगपाशी धावली. ‘कोण आहे बे हा बॉलर’ विचारणाऱ्यानं मागे वळून मला विचारलं, ‘भाऊ, त्याचं नाव काय सांगितलं होतं तुम्ही?’

‘पार्थ. पार्थ रेखडे.’

त्यानं रेलिंगवर वाकून जोरात हाक मारली, ‘पार्थ भाऊऽऽ!’

रिकाम्या स्टेडियममध्ये हाक मारायचा एक फायदा असतो. ती पोचते.